लेन सहा, अकरा ते एक

जनाकाकींवर अन्याय झाला तो गेल्या वर्षी, ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी, सकाळी सव्वासात वाजता. नेरे गावाच्या अलीकडे, पनवेलहून जाताना डाव्या हाताला जी लांबट पत्र्याची शेड लागते, तिच्यात. मी काकींबरोबर बघायला गेले होते आणि वेळ मुद्दाम घड्याळात बघून ठेवली होती. पत्रकात वेळ लिहिली की समोरच्याला "असं झालंच नाही" म्हणायला जड जातं, एवढं मी तोवर शिकले होते. काकी चार नंबरच्या लेनमध्ये एअर पिस्तूल घेऊन उभ्या होत्या आणि त्यांना सांगण्यात आलं, "तुमची जोडी नाही ना? मग आज घरी जा."

आणि ती शेड उभी कोणाच्या जागेवर? काकींच्याच.

आता पुन्हा ऑक्टोबर आलाय. भात पिवळं पडलंय, गाढी नदीचं पाणी निवळलंय, सकाळी अकरानंतर रस्त्यावर उभं राहवत नाही. डोंगर अजून हिरवा आहे, पण कडेकडेने करपायला लागलाय. परवा आईने वॉशिंग मशीन लावलं होतं. कपडे झाल्याची बीप वाजली आणि माझा उजवा हात आपोआप खांद्याच्या रेषेत वर गेला. हातात कढीचा डाव होता.

"भिंतीवर उडवलीस तर पुसायची तूच," आई म्हणाली.

वर्ष झालं तरी हात विसरलेला नाही. आणि खरं तर मी नेमबाज नाहीच. मी पत्रकं काढणारी मुलगी. कॉलेजात असल्यापासून गटारं, फूटपाथ, बंद पडलेले दिवे, सगळ्यांवर माझी पत्रकं आहेत. काकींची ओळखही पत्रकामुळेच झाली. नेऱ्याच्या रस्त्यावरून खडी नेणारे डंपर ताडपत्री न घालता धावतात, त्यावर मी घरोघरी कागद वाटत होते. काकींनी तो ओटीवर बसून पूर्ण वाचला, घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवला आणि म्हणाल्या, "बरं लिवलंस गो बाय. पन डंपरवाले वाचत्यात का?"

असा प्रश्न मला त्याआधी कोणी विचारला नव्हता.

काकी बावन्न वर्षांच्या. घरची भातशेती, एक गाय, गायीचं वासरू. पूर्वी त्या शेडमध्ये त्यांच्या दिरांच्या कोंबड्या होत्या. कोंबड्या गेल्या, मग ती सबनीस सरांनी काकींकडून भाड्याने घेतली. सर शाळेतून निवृत्त झालेले क्रीडाशिक्षक. त्यांनी आत सहा लेन काढल्या, दहा मीटरवर कागदी टार्गेटं लावली, मागे जाड फळ्या ठोकल्या. उकाडा वाढला की अजूनही पत्र्यातून कोंबड्यांचा वास येतो. एका पावसाळ्यात छत गळतंय का बघायला काकी आत गेल्या, दारात उभ्या राहून अर्धा तास नेमबाजी बघितली आणि विचारलं, "सर, मना जमंल का?" आयुष्यभर भातावरचे पोपट गोफणीने हाकललेला हात. जमलंच.

मग अडलं कुठे? तीन सेकंदांच्या फेरीत.

या फेरीत पिस्तूल धरलेला हात खाली तिरका ठेवायचा. "स्टार्ट" ऐकू आलं की वर न्यायचा, नेम धरायचा आणि तीन सेकंदांच्या आत एकच छर्रा मारायचा. सोपं वाटतं ना? करून बघा. आता हा "स्टार्ट" स्वतःचा स्वतःला म्हणता येत नाही, कारण तोंडाला माहीत असतं ते हाताला आधीच कळतं. म्हणून जोड्या. एक म्हणणार, दुसरा मारणार, मग उलट. सर स्वतः सहाही लेनवर नजर ठेवून उभे, त्यांना एकट्या कोणासाठी स्टार्ट म्हणत बसता येत नाही. सकाळच्या बॅचमध्ये माणसं सात. तीन जोड्या आणि जनाकाकी. फळ्यावर सरांनीच खडूने लिहिलेलं: जोडी नसेल तर वेगाच्या फेरीचा सराव नाही.

त्या बॅचमधल्या कोणीही "आज माझ्याबरोबर या काकी" म्हटलं नाही. एकजण बुटाची लेस बांधत राहिला. लेस सुटलेली नव्हती, मी बघितलं.

नोव्हेंबरच्या शेवटी जिल्ह्याची स्पर्धा होती. नाव पाठवायच्या अर्जावर सरांची सही लागणार होती, आणि तीन सेकंदांचा सराव डोळ्यांनी बघितल्याशिवाय सर सही करत नाहीत. जोडी नाही म्हणून सराव नाही, सराव नाही म्हणून सही नाही. मी तिथल्या तिथे पेटले. काकी मात्र शांतपणे पिस्तूल कपाटात ठेवून बाहेर आल्या, चपला घातल्या आणि बांधावरून चालता चालता एवढंच म्हणाल्या, "सातबाऱ्यावर माजं नाव हाय. पन ते नवरा गेला म्हनून आलं. एक यादी अशी पायजे का तिच्यात माजं नाव माज्या हातानं आलं."

त्या दिवशी मी पत्रक लिहिलं नाही. माझ्या बाबतीत ही दुर्मीळ गोष्ट आहे.

शॉट टायमर मिळाला तो बेलपाड्याच्या मामेभावाकडून. त्याला सहा महिने नेमबाजीचं वेड होतं, मग सायकलचं लागलं, हल्ली पाव भाजण्याचं आहे. टायमर त्याच्या ड्रॉवरमध्ये जुन्या चार्जरांखाली पडला होता. तळहाताएवढा काळा डबा, वर एक मोठं पिवळं बटण, मागे क्लिप. बटण दाबलं की लगेच काही होत नाही. दोन सेकंदांनी, कधी चार, कधी पाच, त्याच्या मनाला येईल तेव्हा बीप वाजते. छर्रा सुटल्याचा आवाज तो स्वतःच्या कानाने ऐकतो आणि बीपपासून किती वेळ लागला ते पडद्यावर दाखवतो. तीन सेकंद लावून ठेवले तर तीन झाल्यावर दुसरी बीप देतो. थोडक्यात, जोडी. जी लेस बांधायला खाली वाकत नाही अशी जोडी.

काकींनी तो पदराच्या खोच्यावर अडकवला, मान वाकडी करून ऐकला आणि त्याला "रातकिडा" असं नाव दिलं.

त्या दोन ते पाच सेकंदांबद्दल मला काही सांगायचंय. बटण दाबल्यावर शेड एकदम मोठी होते. पत्र्यावरून चालणारा कावळा ऐकू येतो. स्वतःचा श्वास नाकात वाजतो. दूर कोणीतरी मोटर चालू करतं, बांधावर कोणीतरी कोणाला हाका मारतं. आत्ता वाजेल, आत्ता वाजेल, असं वाटत असताना वाजत नाही, आणि वाटणं थांबलं की वाजते. माझ्या आयुष्यातली निम्मी वर्षं अर्ज घेऊन बाकड्यांवर बसण्यात गेली आहेत. "बसा, साहेब येतील." तिथलं थांबणं माणसाला चिडकं करतं, कारण साहेब येतील की नाही हे सांगणाऱ्यालाही माहीत नसतं. टायमरचं थांबणं वेगळं. बीप कधी येईल ते सांगत नाही, पण येते. आणि ती काकींसाठी जशी येते तशीच कलेक्टरसाठीही येईल. एवढी सरळ वागणूक मला पनवेलच्या एकाही खिडकीवर मिळालेली नाही.

तर, माझी चूक. ती लपवली तर हा लेख म्हणजे पुन्हा एक पत्रकच होईल.

पहिले चार दिवस आम्ही टायमर घेऊन बॅचच्या वेळेतच गेलो. सर म्हणाले, सहा नंबरच्या लेनमध्ये, भिंतीकडेला, कोणाला त्रास न देता काय करायचं ते करा. चौथ्या दिवशी मी काकींच्या मागे वही घेऊन उभी होते. बीप वाजली, शेडमध्ये फट् झालं, मी पडदा बघितला: १.१२. एक पूर्णांक बारा शतांश सेकंद! बाकीच्यांना अडीच लागत होते. मी घरी गेले ती उड्या मारत. दुपारपर्यंत पत्रक छापून तयार. वर जाड अक्षरांत: "जोडीची गरज कोणाला आहे?" खाली तो आकडा, त्याखाली शेडच्या मालकिणीलाच शेडमधून घरी पाठवणाऱ्यांना सात प्रश्न. चहाच्या टपरीवर चिकटवलं, शेडच्या दारावर चिकटवलं, सरांच्या स्कूटरवरही एक.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर दारातच उभे होते. चष्मा कपाळावरून खाली घेऊन त्यांनी सगळ्या बॅचसमोर पत्रक मोठ्याने वाचलं. चांगलं वाचलं, शाळेतल्यासारखं, विरामचिन्हांसकट.

"काय पत्रकबाई," ते म्हणाले, "एका सेकंदात हात वर येईल हो. नेम येईल का? कालच्या टार्गेटवरचं ते भोक दाखवा मला."

मी काकींकडे बघितलं. काकी जमिनीकडे बघत होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतायत.

"अगो बाय," हसू आवरत त्या म्हणाल्या, "तवा मी चष्मा पुसत व्हते!"

पाच नंबरच्या लेनमधला, बँकेत काम करणारा तावडे, त्याने मारला होता तो छर्रा. एअर पिस्तुलाचा आवाज बेताचा, म्हणून मी टायमरचा कान पूर्ण वाढवून ठेवला होता. त्यामुळे तो शेजारच्यांचंही ऐकत होता. तावडेने मला वाकून नमस्कार केला. "ताई, माझी वेळ जगासमोर आणल्याबद्दल आभारी आहे." सगळी शेड हसली. काकी सगळ्यात जास्त.

मी रात्रभर तळमळले वगैरे नाही. जेवले, झोपले, सकाळी उठून दुसरं पत्रक लिहिलं. चार ओळींचं. कालचा आकडा चुकीचा होता, तो दुसऱ्याचा छर्रा होता, चूक माझी होती, काकींची नव्हती. तेही टपरीवर चिकटवलं, शेडच्या दारावर चिकटवलं. स्कूटरवर नाही, ते मात्र सरांच्या हातात दिलं.

सरांनी ते दोनदा वाचलं. मग फळ्याच्या वर खिळा होता, त्याला अडकवलं. म्हणाले, "शाळेत चाळीस वर्षं काढली. चूक छापणारे ढिगाने बघितले. दुरुस्ती छापणारी तू पहिली. बोल, काय हवंय?"

मला खूप काही हवं होतं, पण काकी माझ्या आधी बोलल्या. "शेड रिकामी पायजे, सर. या किड्याला बाकीच्यांचा आवाज नको."

"रिकामी अकरा ते एक असते. तेव्हा मी जेवतो."

"हितंच जेवा."

असे ते दिवस सुरू झाले. दिवाळीला तीन आठवडे होते. ऑक्टोबरचं ऊन पत्र्यावर, आत भट्टी. सर दाराजवळ निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीवर डबा उघडून बसायचे. पिस्तूल कपाटातून काढायचं ते खुर्चीवर माणूस असेल तरच, कोणी टार्गेटाकडे गेलं की पिस्तूल टेबलावर आणि हात मागे, हे नियम त्यांनी पहिल्या दिवशी मलाही घोकून घेतले. त्यांच्या डब्यात कारलं. काकींकडे तांदळाची भाकरी आणि सुकट. दोन दिवस सरांनी वासाकडे दुर्लक्ष केलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "कांदा जास्त घालता का हो तुम्ही?" चौथ्या दिवसापासून कारलं माझ्या वाट्याला आलं.

एकटीचा सराव बघायला मिळणं ही गंमत आहे. काकी पिवळं बटण दाबायच्या, हात खाली तिरका न्यायच्या आणि सगळ्या अंगाने ऐकायला लागायच्या. बीप, हात वर, फट्. पडदा बघायचा: ३.४०. "उशीर," स्वतःशीच. पुन्हा पिस्तुलाचा हवा भरायचा खटका मागे ओढायचा, छर्रा भरायचा, बटण. ३.२२. पुन्हा. कोणी शाबास म्हणत नाही, कोणी सुस्कारा सोडत नाही. मी सुरुवातीला म्हणायचे, तर काकींनी एक दिवस वळून सांगितलं, "तू गप बस. तुजं कौतुक आयकलं का हात फुगतो." त्यानंतर मी वहीत आकडे लिहीत बसले. माझ्या आयुष्यातले सगळ्यात शांत तीन आठवडे. उन्हाने पत्रा ताणला जाऊन कधी ताडकन वाजायचा आणि टायमर तोही लिहून घ्यायचा. काकी म्हणायच्या, "बग, कोंबड्यांचं भूत बी नेम धरतंय."

तीनच्या आत पहिल्यांदा आल्या त्या दिवशी त्यांनी पडदा मला दाखवला नाही. पदराने पुसला, पुन्हा बघितला आणि मग सरांना म्हणाल्या, "सुकट घ्या आनखी."

सरांनी परीक्षा ठेवली वसुबारसेला. अर्ज त्याच दिवशी पाठवायचा होता. दहा बीप, दहा छर्रे. त्यातले आठ वेळेत आणि काळ्या वर्तुळात आले तर सही. काकी सकाळी गाय धुऊन, वासराच्या गळ्यात झेंडूची माळ घालून आल्या होत्या. पायाला अजून शेण होतं. सर आज जेवत नव्हते. खुर्चीत ताठ बसले होते, मांडीवर अर्ज, हातात पेन.

पहिला वेळेत. दुसरा कडेला गेला, वर्तुळाबाहेर. तिसरा, चौथा, पाचवा, सहावा ठीक. सातव्याला काकींनी बटण दाबलं, हात खाली गेला, शेड मोठी झाली, आणि बाहेर रस्त्यावर एक डंपर मागे यायला लागला. बीप, बीप, बीप. तोच माझा शत्रू, ताडपत्री नसलेला. सरांचं पेन उचललं गेलं. माझा हात वर गेला, खरंच गेला, वहीसकट. संपलं, आता यांचा हात उठणार, छर्रा फुकट जाणार.

काकी हलल्या नाहीत. पापणीसुद्धा नाही. डंपर बोंबलत राहिला, आणि त्या गोंगाटाच्या मधेच कुठेतरी रातकिड्याची बीप वाजली. मला ती ऐकूही आली नाही. हात वर, फट्. २.४१. मधोमध.

पुढचे दोन वेळेत, शेवटचा ३.०४. दहांपैकी आठ.

सर उठून उभे राहिले. "तुम्हाला कसं कळलं हो? मी चाळीस वर्षं शिट्टी फुंकली, मी फसलो."

काकींनी पिस्तूल टेबलावर ठेवलं, हात मागे घेतले. "गोठ्यांत धा वासरं हंबरली तरी आपलं कंचं ते कलतं ना, सर. तीन हप्ते याच्यासंगं येकटी व्हते मी. दुसरं कोन नव्हतं बोलाया."

सरांनी सही केली. फळ्यावरची खडूची ओळ काकींसमोर पुसली, हाताच्या तळव्याने, डस्टर शेजारी असताना. त्या जागी लिहिलं: जोडी नसलेल्यांसाठी लेन सहा, अकरा ते एक.

स्पर्धेत काकी अकराव्या आल्या. पदक नाही. मैदानाच्या दाराशी यादी लावली होती, छापील. काकींना वाचता येतं, चांगलं येतं, तरी मला म्हणाल्या, "तू वाच. मोठ्यानं वाच." मी वाचलं. त्यांनी आणखी एकदा वाचायला लावलं. मग यादीचा फोटो काढला, त्यात शेजारच्या वडापावच्या गाडीची पाटीही आली, आणि तोच फोटो अजून त्यांच्या फोनवर आहे. वडापाव कापायला त्या तयार नाहीत.

आता हे वर्ष. काकी अजून येतात. त्यांच्याशिवाय आणखी तिघं अकरा ते एक येतात. जासईच्या कंटेनर यार्डात पाळीवर काम करणारी एक बाई, जिला सकाळची बॅच कधीच जमत नाही. निवृत्त झालेला एक पोस्टमन, जो कोणाशी बोलायला लाजतो. परीक्षेचा अभ्यास करणारी एक मुलगी, जिच्या मैत्रिणी पुण्याला गेल्या. जोडी नसण्याची कारणं प्रत्येकाची निराळी असतात, आणि त्यांपैकी एकही गुन्हा नाही. टायमर सगळे मिळून वापरतात. काकींनी त्याला जुन्या साडीच्या काठाची पिशवी शिवलीय.

पण सरांचा गुडघा गेलाय. डॉक्टरांनी बजावलंय, दिवाळीनंतर आठवड्यातले दोनच दिवस. उरलेले चार दिवस निळी खुर्ची रिकामी राहणार, आणि खुर्चीवर माणूस नसेल तर पिस्तूल कपाटातून निघत नाही. या नियमाविरुद्ध मी पत्रक काढणार नाही. हा नियम बरोबर आहे. टायमर "सुरू कर" सांगतो, पण कोणी चुकून पुढे पाऊल टाकलं तर "थांबा" म्हणून ओरडायला त्याला तोंड नाही. त्याला माणूसच लागतो. मी दोन दिवस घेतलेत, सोमवार आणि बुधवार. सरांचे मंगळवार आणि शुक्रवार. गुरुवार आणि शनिवार उघडे आहेत.

म्हणून हे तुम्हाला. हो, तुम्हालाच, ज्यांनी इथपर्यंत वाचलं आणि "छान लिहिलंय" म्हणून पान उलटणार आहात. काकींनी मला विचारलं होतं, डंपरवाले वाचतात का? ते वाचत नाहीत. तुम्ही वाचता. वसुबारसेच्या आत नेऱ्याच्या रस्त्यावरच्या त्या शेडमध्ये या. खुर्चीवर बसणाऱ्याने काय करायचं ते सर अर्ध्या दिवसात शिकवतात, आणि नीट शिकल्याशिवाय बसू देत नाहीत. मग गुरुवार घ्या, नाहीतर शनिवार. पाण्याची बाटली आणा, फोन बंद ठेवा, कारलं आवडत नसेल तर आधीच सांगा. दाराजवळच्या निळ्या खुर्चीवर बसा आणि दोन तास डोळे उघडे ठेवा. कौतुक करू नका. आणि बीप वाजली की हात उचलू नका. ती तुमच्यासाठी नाही, काकींची आहे.